स्नोबाईकची तीन कोटेशनं

ख्राइस्टचर्च
१४ जानेवारी २०१८

ती. सुलभाआत्यास,
सा. न. वि. वि.

आज संक्रांत. इथे कडक ऊन आहे आणि सगळं गाव जांडल्स (म्हणजे आपल्या रबरी स्लिपर) घालून समुद्रावर गेलंय, त्यामुळे तिळगूळ मी एकटीने केला आणि एकटीनेच खाल्ला. गोड बोलायला कोणी सापडलं नाही म्हणून तुला पत्र.

सचिनचा फोन होता. तुझा चिंचवडचा फ्लॅट विकायचं ठरलं म्हणाला. त्यात भर घालून तिथे वेलिंग्टनजवळ लोअर हटलाच मोठं घर घेणार, तुला खालच्या मजल्यावर स्वतंत्र खोली. तुलाही पसंत आहे म्हणाला. बरं झालं गं. रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स भरत बसण्यात काय अर्थ आहे?

माझं नेहमीचंच. इथल्या भूकंपाला पुढच्या महिन्यात सात वर्षं होतील, तरी आमच्या ऑफिसात तडे गेलेल्या भिंतींचे फोटो यायचे थांबत नाहीत.

हो, एक गंमत. माझ्याकडे डर्टबाईक आहे हे तुला माहीत आहे. (आईला सांगू नकोस, तिला ती सायकल वाटते.) तिचं पुढचं चाक काढून तिथे स्की लावायची, मागचं चाक काढून रणगाड्यासारखा पट्टा लावायचा, की ती बर्फावर चालते. त्याचं तयार किट मिळतं. या हिवाळ्यासाठी एक घ्यावं म्हणते. कुठलं घेऊ? तू बत्तीस वर्षं तंत्रनिकेतनाच्या भांडार विभागात लेथ मशीनपासून खडूपर्यंत सगळं खरेदी केलंस. तुला विचारल्याशिवाय कसं घेणार!

तुझी,
अस्मिता


लोअर हट
२२ जानेवारी २०१८

चि. अस्मिता हिस अनेक आशीर्वाद.

संदर्भ: तुझे दि. १४ चे पत्र.
विषय: डर्टबाईकसाठी बर्फावर चालण्याचे किट.

पत्र दोनदा वाचलं. चाकं काढल्यावर त्याला वाहन म्हणता येईल का, अशी शंका आली. ग्रंथालयात जाऊन कंप्युटरवर चित्र पाहिलं. म्हणता येईल.

तू विचारलंस ते फार बरं केलंस. या घरात दोन वर्षांत मला ‘चहा घेणार का’ याखेरीज कोणी काही विचारलेलं नाही, आणि ते विचारेपर्यंत आधण ठेवून झालेलं असतं. तक्रार नाही. सुरुचीसारखी सून शोधून मिळणार नाही. भाजी मोबाईलवरून मागवते, ती दारात येते. मी ती निवडते. मेथी हवी होती की पालक, हा प्रश्न तोवर निकालात निघालेला असतो.

फ्लॅटचं म्हणशील तर सचिनने विचारलं होतं. डिसेंबरात, मोजे घालता घालता. “आई, चिंचवडचा फ्लॅट काढून टाकू, चालेल ना?” मी हो म्हटलं. हे विचारणं मानाचं असतं आणि मानाच्या प्रश्नाला हो म्हणायचं असतं, एवढं मला कळतं. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही, हे तुला म्हणून सांगते. सचिनला बोलू नकोस. त्याला वाटतं, माझं पित्त आहे.

आता तुझं काम. खरेदी म्हणजे दुकानात जाऊन बोट दाखवणं नव्हे. आधी गरज, मग वस्तूचा तपशील, मग तीन कोटेशनं, मग तुलनात्मक तक्ता, मग शिफारस. तोवर कुणाला एक छदाम द्यायचा नाही. बाईक कुठल्या सालची, किती सीसीची ते कळव. बर्फ कोरडा की ओला? खोल की वरवरचा? जमीन कुणाची? पडलीस तर उचलायला कोण? आणि मुख्य म्हणजे गरज काय? ‘घ्यावंसं वाटतं’ ही गरज होत नाही. आमच्या एका प्राचार्यांना स्वतःच्या केबिनमध्ये झुंबर लावावंसं वाटलं होतं.

सावकाश, पण नीट उत्तर दे.

सुलभाआत्या


ईमेल
अस्मिता → सचिन
२६ जानेवारी २०१८

सच्या,

घोळ झालाय. तुझ्या आईला मी मानाचं म्हणून विचारलं. आपल्याकडे नाही का, फ्रिज घरात येऊन थंड झालेला असतो तरी थोरल्या काकांना विचारतात, “काका, कुठला घेऊ?” आणि काका म्हणतात, “तुला आवडेल तो घे गं.” विषय मिटतो. आत्याने मिटवला नाही. तिने मला प्रश्नपत्रिका पाठवलीय.

माझा फ्रिज थंड झालाय. म्हणजे किट मी डिसेंबरातच घेतलंय. ऑकलंडमधल्या पेनरोजचा एक इम्पोर्टर अमेरिकेहून मागवतो, त्याच्याकडून. लांब पट्ट्याचं, १३७ इंची. पेमेंट झालं, माल जहाजात आहे. आत्याला सरळ सांगून टाकू?

अस्मे


ईमेल
सचिन → अस्मिता
२७ जानेवारी २०१८

अस्मे,

सांगू नकोस, प्लीज. आई प्रचंड खूश आहे. डायनिंग टेबलवर तीन फायली झाल्यात, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. रोज लायब्ररीत जाते, तिथले लोक आता तिला नावाने ‘किया ओरा, सुलभा’ करतात. काल मला विचारलं, “बर्फ कमी असला तर पट्ट्याच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या तापून वितळतात, तुला माहीत होतं?” मी आयटीत आहे. मला कसं माहीत असणार?

आणि दुसरं. फ्लॅटच्या पॉवर ऑफ ॲटर्नीवर तिची सही लागणार. वेलिंग्टनला हाय कमिशनात १७ एप्रिलची अपॉइंटमेंट मिळालीय. चिंचवडला गिऱ्हाईक रेडी आहे. फ्लॅटचं नाव काढलं की आईचा चेहरा जरा उतरतो. या किटच्या नादात ती ते विसरलीय. तेवढं एप्रिलपर्यंत चालू ठेव. सगळं तिच्यासाठीच तर चाललंय. खाली खोली, एकही पायरी नाही.

स्वीट ॲज? चालेल ना?

सचिन


ख्राइस्टचर्च
१० फेब्रुवारी २०१८

ती. सुलभाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बाईक ४५० सीसीची, २०१४ सालची. बर्फ आपल्या फ्रीजरमधल्यासारखा नाही, ओलसर असतो. कधी गुडघाभर, कधी घोट्याइतकाच. जमीन बेव्ह नावाच्या बाईंची. ट्वायझेल गावाच्या वर त्यांचं स्टेशन आहे. रेल्वेचं नव्हे, मेंढ्यांच्या प्रचंड रानाला इथे स्टेशन म्हणतात. पडले तर उचलायला बेव्ह. त्या सत्तरीच्या आहेत, पण मेंढी एका हाताने उचलतात.

आता गरज. मोठा बर्फ पडला की मेंढ्या जागच्या जागी अडकतात. बर्फ तुडवून त्यांना खाली यायला वाट करून द्यावी लागते. मी किटवरून ते काम करणार. दगडधोंड्यांतून सारखं वळावं लागेल. मुक्या जनावरांची सोय म्हटल्यावर तू नाही म्हणणार नाहीस असं वाटतं.

पित्ताला जप.

तुझी,
अस्मिता


लोअर हट
५ मार्च २०१८

चि. अस्मिता हिस अनेक आशीर्वाद.

संदर्भ: तुझे दि. १० फेब्रुवारीचे पत्र.

गरज मान्य. तीन कोटेशनं मागवली. हकीकत अशी.

पहिले अमेरिकेतले खुद्द किट बनवणारे. त्यांना वॉरंटीचं विचारलं तर उलट त्यांनीच विचारलं, न्यूझीलंडमध्ये बर्फ पडतो का? बाद.

दुसरे दक्षिणेकडचे एक दुकानदार. दरपत्रकासोबत त्यांनी बर्फात डोकं खाली, पाय वर झालेल्या एका माणसाचा फोटो पाठवला आणि खाली ‘फन’ असं लिहिलं. बाद.

तिसरे पेनरोजचे क्रेग म्हणून गृहस्थ. त्यांना मी लिहिलं होतं, ‘महोदय, सोबतच्या तपशिलानुसार दरपत्रक सीलबंद पाकिटात पाठवावे.’ उत्तर आलं, ‘हे सुलभा, नो वरीज, कधीही फोन कर.’ आधी वाटलं, या माणसाला गांभीर्य नाही. मग फोन केला. चहा दोनदा गार होईपर्यंत माणूस बोलत होता. त्यांचे वडील वारले तेव्हापासून दुकान ते एकटे बघतात. बाईकचं साल विचारलं, कारण जोडणीचे भाग प्रत्येक सालाला वेगळे लागतात. थंडीत इंजिन गरम राहावं म्हणून काय करावं लागतं तेही सांगितलं. मी जे विचारलं त्याचं उत्तर दिलं आणि मग मला विचारलं, “तुला काय वाटतं?” अस्मिता, मी फाईल उघडून त्यांना सविस्तर सांगितलं.

तीनपैकी एकच उरला की आम्ही फेरनिविदा काढत असू. पण हिवाळा काही आपल्यासाठी थांबणार नाही.

क्रेग यांच्याकडे दोन प्रकार आहेत. लांब पट्टा मऊ, खोल बर्फावर तरंगतो आणि सरळ जातो, पण वळायला जड. आखूड पट्टा खोल बर्फात थोडा रुततो, पण चटकन वळतो. तुझं काम दगडधोंड्यांतलं, मेंढ्यांना वळसे घालण्याचं, बर्फही बेताचा. सबब शिफारस: आखूड पट्ट्याचं, १२० इंची. तुलनात्मक तक्ता सोबत जोडला आहे. कागदाच्या पाठीवर सुरुचीची किराण्याची यादी आहे, तिकडे दुर्लक्ष करावं.

इथे सगळे ठीक. सतरा एप्रिलला मला हाय कमिशनात न्यायचं आहे. त्यासाठी सुरुचीने माझी निळी साडी ड्रायक्लीनिंगला दिली. सही करायला ड्रायक्लीन केलेली साडी कशाला लागते ते मी विचारलं नाही.

सुलभाआत्या


ईमेल
अस्मिता → सचिन
१२ मार्च २०१८

सच्या,

किट आलं. गॅरेजमध्ये खोक्यात आहे. लांब पट्ट्याचं. आत्याची शिफारस आखूड पट्ट्याची. तक्ता इतका सुंदर आहे की मी तो फ्रिजवर लावलाय, आणि त्याच्यासमोर उभं राहून चहा पिववत नाही.

मला हे अजिबात बरं वाटत नाहीये. आत्याने त्या पेनरोजवाल्याशी गप्पा मारल्यात. आज ना उद्या कळणारच. सांगते.

अस्मे


ईमेल
सचिन → अस्मिता
१२ मार्च २०१८

१७ एप्रिल. फक्त १७ एप्रिलपर्यंत थांब. मग मी स्वतः सांगतो, केक आणून.

सचिन


ख्राइस्टचर्च
२ एप्रिल २०१८

ती. सुलभाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी शिफारस शंभर टक्के मान्य. आखूडच घेते. पुढच्या आठवड्यात क्रेगला ऑर्डर देईन. तू नसतीस तर मी फसलेच असते. थोडक्यात लिहितेय, कामाची गडबड आहे.

तुझी,
अस्मिता


लोअर हट
९ एप्रिल २०१८

चि. अस्मिता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याच दिवशी मी क्रेग यांना फोन केला. म्हटलं, ख्राइस्टचर्चहून माझ्या भाचीची ऑर्डर येईल, जरा लक्ष असू द्या. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, “अस्मिता? तिने तर डिसेंबरातच घेतलंय. मार्चमध्ये माल पोचला. बसवताना काही अडलं का?”

मी म्हटलं, नाही, काही अडलं नाही.

आमच्या ऑफिसात याची एक रीत होती. वस्तू आधीच वरच्या मजल्यावर येऊन बसलेली असायची. मग खाली निरोप यायचा, “सुलभाबाई, तीन कोटेशनं जमवा.” अशा फायली मी शेरा मारून परत पाठवत असे. त्यापायी माझी बढती रखडली, तुझे काका चिडायचे, तरी पाठवत असे. अशी फाईल घरातून येईल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मला राग आला आणि वाईट वाटलं. राग दुपारच्या जेवणापर्यंत ओसरला. वाईट अजून वाटतंय. सचिनने विचारलं ते मानाचं हे मला तिथल्या तिथे कळलं. तुझं कळलं नाही, कारण मला ते कळून घ्यायचं नव्हतं. दोन महिने मी सकाळी उठून अंघोळ करून वेळेवर कामाला बसत होते. मला ते फार आवडत होतं.

टेबलावरच्या फायली उचलल्या आहेत. सचिन-सुरुची पुन्हा टेबलावर जेवतात. असो. गाडी सांभाळून चालव.

सुलभाआत्या


ख्राइस्टचर्च
१२ एप्रिल २०१८

ती. आत्या,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. साध्या पोस्टाने वेळ लागेल म्हणून हे कुरियरने पाठवतेय.

मी तुला मानाचं विचारलं, आणि तुझं उत्तर आल्यावर खरं सांगायची लाज वाटली. मग सचिन म्हणाला, सतरा तारखेची सही होईपर्यंत आईला यातच गुंतू दे, फ्लॅटचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरतो. मी ते ऐकलं. त्याचा दोष अर्धा धर, उरलेला सगळा माझा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘आईला पसंत आहे’ असं तो म्हणाला, त्यावर मी तुला न विचारता ‘बरं झालं गं’ लिहून मोकळी झाले. दोन दिवस तुला जेवण गेलं नाही हे तू मला लिहिलंस, आणि त्याला मी उत्तरात काय पाठवलं, तर ‘पित्ताला जप’. मला माफ कर.

मेंढ्यांचंही खोटं. मेंढ्यांचं बघायला बेव्हकडे पाच कुत्रे आहेत आणि त्यातल्या एकालाही माझी गरज नाही.

खरी गरज सांगते. सात वर्षं मी पडलेल्या नाहीतर पडायला आलेल्या इमारती तपासतेय. सुपरमार्केटात शिरले तरी आधी छताच्या तुळया बघते. कुणाच्या घरी जेवायला गेले की दाराच्या चौकटीजवळची खुर्ची धरते. मैत्रिणी हसतात, मीही हसते. मागच्या ऑगस्टमध्ये बेव्हने मला ट्रॅक्टरवरून तिच्या रानाच्या कडेपर्यंत नेलं. पुढे नुसतं पांढरं पठार. सरळ, मोकळं, नजर जाईल तिथवर. अंगावर पडेल असं तिथे काहीच नव्हतं. मी बर्फावर बसून डबा खाल्ला, बटाट्याची भाजी आणि पोळी, आणि अर्ध्यात मला रडू फुटलं. आत कसं जायचं विचारलं, तर बेव्ह म्हणाली, ट्रॅक्टर रुततो, पायी पोचणार नाहीस. म्हणून किट. मला त्या पठाराच्या मध्यावर जाऊन बसायचंय. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, तू सोडून.

आता खरा प्रश्न. किट मी अजून बसवलेलं नाही. न बसवलेलं असेल तर क्रेग महिनाअखेरपर्यंत बदलून देतो म्हणाला. ठेवू की बदलू? तू सांगशील तेच करीन.

तुझी,
अस्मिता


लोअर हट
१४ एप्रिल २०१८

चि. अस्मिता हिस खूप खूप आशीर्वाद.

कुरियरवाला शुक्रवारी येऊन गेला. तुझं पत्र मी खोलीचं दार लावून वाचलं. डबा खाताना रडू आलं ते वाचून मलाही आलं. पोरी, सात वर्षं हे पोटात ठेवून तू आम्हाला बाईकच्या गमती लिहीत होतीस.

उत्तर असं. लांब पट्ट्याचंच ठेव.

दगडांतून वळायचं होतं तेव्हा आखूड बरं होतं. तुला वळायचंच नाही. तुला मोकळ्या बर्फावरून सरळ मध्यापर्यंत जायचं आहे, न रुतता. त्याला लांबच हवं, आणि ४५० सीसीला ते झेपतं. क्रेग यांना पुन्हा विचारून खात्री केली. फाईल चुकीची होती, वस्तू बरोबर निघाली. हे स्वतःच्या हाताने लिहायला मला किती जड जातंय याची तुला कल्पना नाही. बत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या झुंबराचंही नाही.

अट एकच. बेव्हबाईंना सांगितल्याशिवाय निघायचं नाही, आणि आपण कुठे आहोत ते कळवणारं यंत्र गळ्यात घालायचं. घोटाभर बर्फ असेल त्या दिवशी घरी बसायचं.

सचिनवर रागावू नकोस. तो मला खोली देतोय ती मनापासून देतोय. तुझ्या पत्रावरून माझ्या मात्र एक लक्षात आलं. तुझ्या प्रश्नाला मी पुरतं उत्तर दिलं, म्हणून शेवटी तुला खरं बोलावं लागलं. सचिनच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेलंच नाही. ‘हो’ म्हटलं, ते त्याला ऑफिसला उशीर होत होता म्हणून.

सुलभाआत्या


लोअर हट
१६ एप्रिल २०१८

चि. सचिन यास अनेक आशीर्वाद.

संदर्भ: तू डिसेंबरात मोजे घालता घालता विचारलेला तोंडी प्रश्न, ‘आई, चालेल ना?’
विषय: चिंचवड येथील सदनिका.

एका घरात राहून पत्र लिहिते आहे, कारण समोरासमोर मी हो म्हणून बसते असा अनुभव आहे. हे तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: चालणार नाही.

कारणं देते. मोठं घर ही तुमची गरज आहे आणि ती खरी आहे. त्यासाठी कर्ज काढा, माझ्या पेन्शनचा हातभार लागेल. खालची खोली ही माझी गरज नव्हे. मला जिना चढता येतो. रोज चारदा चढते, तू ऑफिसात असतोस म्हणून दिसत नाही. माझी गरज अशी की वर्षातले काही महिने मी माझ्या घरात असावं. तिथे कोपऱ्यावर राजाराम भाजीवाला मला विचारतो, “बाई, आज काय?” आणि मी ठरवेपर्यंत थांबतो. मेथी घेते की पालक, याने जगात काही फरक पडत नाही. मला पडतो.

फ्लॅट रिकामा आहे असं तू सगळ्यांना सांगतोस. तो रिकामा नाही. मी इथे आले आहे.

तू फसवलंस असं मी म्हणत नाही. मला बरं वाटावं म्हणून तू अस्मिताला गप्प केलंस. पण मी लहान मूल नाही, खेळणं देऊन सही घ्यायला. हे मला लागलं.

उद्या हाय कमिशनात मी येणार नाही. साडी ड्रायक्लीन होऊन आलीच आहे, ती नेसून तुम्हा दोघांना संध्याकाळी बाहेर जेवायला नेईन. मला इथे आवडतं. तू आणि सुरुची मला फार आवडता. हे तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून तेही लेखी देते.

आई


ईमेल
सचिन → अस्मिता
१८ एप्रिल २०१८

अस्मे,

अपॉइंटमेंट कॅन्सल केली. गिऱ्हाईकाला नकार कळवला. तू तिला सांगितलंस, ते कळलं. चिडलो होतो. अजून थोडा आहे. आईचं पत्र पार्किंगमध्ये वाचलं आणि मीटिंगला गेलोच नाही. गाडीत बसून राहिलो. मला खरंच वाटत होतं की मी तिला विचारलं होतं. मोज्यांचं मला आठवतसुद्धा नाही.

काल जेवायला गेलो, तिघं. आई निळ्या साडीत. मेनू आले. नेहमीसारखी मी तिची ऑर्डर द्यायला सुरुवात केली, तर सुरुचीने टेबलाखालून पाय मारला. मग मी विचारलं, “आई, तू काय घेणार?” आणि गप्प बसलो.

तिने पर्समधून चष्मा काढला आणि मेनू पहिल्या पानापासून वाचायला घेतला. सूप, स्टार्टर, सगळं. वेटर येऊन गेला. पुन्हा आला. मी त्याला म्हटलं, सॉरी मेट, आईचं ठरलं नाहीये. भूक जाम लागली होती. आम्ही थांबलो.

शेवटी तिने मसाला डोसा सांगितला. मी तोच सांगणार होतो.

सचिन